पगारी गोलंदाज : सुभाष गुप्ते आणि लँकशायरची लीग

सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते हे मुंबईचे लेगस्पिन गोलंदाज. ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला आणि ३१ मे २००२ रोजी त्रिनिदादमधील पोर्ट ऑफ स्पेन येथे ते वारले. भारताकडून ३६ कसोटी सामन्यांत त्यांनी २९.५५ च्या सरासरीने १४९ बळी घेतले. एका डावात पाच किंवा अधिक बळी बारा वेळा मिळवले. कसोटी क्रिकेटच्या इतिहासात त्यांचे नाव या आकड्यांवर उभे आहे. पण १९५४ पासून काही वर्षे त्यांची आणखी एक ओळख होती. इंग्लंडच्या लँकशायर परगण्यातील रिश्टन या गिरणीगावाच्या क्लबाचे ते करारबद्ध पगारी खेळाडू होते. देशासाठी खेळताना हाती पडे ती मानधनाची रक्कम. परक्या गावासाठी खेळताना मिळे तो ठरलेला पगार. भारतीय खेळाडूंच्या ज्या पहिल्या पिढ्यांनी परदेशात खेळाचा व्यवसाय केला, त्यांची स्थिती या एका फरकातून समजते.

आश्रय आणि नोकरी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात क्रिकेटवर पोट भरण्याचे मार्ग मोजकेच होते. पहिला मार्ग जिमखान्याच्या चाकरीचा. पुण्याच्या क्लबात मैदानाची निगा राखणे आणि गोऱ्या अधिकाऱ्यांना सरावासाठी चेंडू टाकणे हे पळवणकर बाळू यांचे पगारी काम होते. १९११ मध्ये भारतीय संघाबरोबर ते इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. इंग्लंडच्या अनुभवी फलंदाजांना त्यांच्या डावखुऱ्या फिरकीने जेरीस आणले, तरी दौरा संपल्यावर पुढे व्यवसाय म्हणून काही उभे राहिले नाही. तो संघ पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेला होता, आणि गुणी खेळाडूची सोय लावणे ही तेव्हा राजेरजवाड्यांच्या मर्जीची गोष्ट होती.

दुसरा मार्ग संस्थानी आश्रयाचा. सांगलीत १९१५ मध्ये जन्मलेले विजय हजारे याच वाटेने गेले. देवासचे विक्रमसिंहराव पवार यांच्या पदरी ते राहिले. जतच्या राजांनी बोलावलेले ऑस्ट्रेलियन लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना मिळाले. नंतर बडोद्याच्या महाराजांनी त्यांना आपल्या सैन्यात जागा दिली. या आश्रयात अगत्य होते, शिकण्याची सोय होती आणि महिन्याचा खर्च भागत होता. करार मात्र नव्हता. महाराजांचे मन बदलले किंवा संस्थानच गेले, तर खेळाडूला कुठे दाद मागता येत नसे. १९४७ नंतर संस्थाने विलीन झाली आणि हा आधार ओसरला. बँका, रेल्वे आणि मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देऊ लागल्या, पण ती व्यवस्था बसायला वेळ लागला. त्या काळी पाच दिवसांच्या कसोटीचे अडीचशे रुपये मिळत, असे अनेक खेळाडूंनी पुढे सांगितले आहे.

तिसरा मार्ग समुद्रापलीकडे होता.

गिरणीगावांची लीग

लँकशायर लीगची स्थापना १८९२ ची. मँचेस्टरच्या उत्तरेला, डोंगरांच्या कुशीत आणि कालव्यांच्या काठाने सूत काढणारी आणि कापड विणणारी गावे वसली होती: नेल्सन, कोल्न, बर्नली, बेकप, हॅसलिंगडन, रॉटनस्टॉल, ॲक्रिंग्टन, चर्च, रिश्टन. या गावांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चाले. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की गाव मैदानाकडे वळे. सामना एका दुपारचा, दोन्ही बाजूंचा एकेक डाव, आणि संध्याकाळपर्यंत निकाल. पाच दिवसांच्या खेळाला लागणारी फुरसत कामगाराकडे नव्हती. ही लीग त्याच्याच वेळापत्रकाला धरून आखलेली होती.

लीगमध्ये चौदा क्लब होते. १९०० पासून नियम असा की प्रत्येक क्लबाने एकच पगारी खेळाडू खेळवायचा. बाकीचे दहाजण गावचे हौशी: विणकर, कारकून, शिक्षक, दुकानदार. या एका पगारी खेळाडूला सगळे ‘प्रो’ म्हणत. नियमाने संख्या एकावर आणल्यामुळे त्या एकाची किंमत वाढली. क्लब आपली सारी ऐपत त्याच्यावर लावत आणि जगातला नावाजलेला खेळाडू आणण्यासाठी एकमेकांशी चढाओढ करत. पैसा येई तो तिकिटांतून, सभासदांच्या वर्गणीतून आणि गावकऱ्यांनी भरवलेल्या करमणुकीच्या कार्यक्रमांतून.

प्रोकडून अपेक्षा स्पष्ट असत. त्याने शनिवारी सामना जिंकून द्यायचा. फलंदाज असला तरी गोलंदाजी करायची आणि गोलंदाज असला तरी धावा काढायच्या. आठवड्यात ठरलेल्या संध्याकाळी सभासदांना आणि गावातल्या पोरांना शिकवायचे. ठरलेल्या पगाराखेरीज एक वरकमाई असे. प्रोने पन्नास धावा केल्या किंवा ठरावीक बळी घेतले, की प्रेक्षकांत झोळी फिरे आणि जमलेली नाणी त्याच्या हाती पडत. चांगल्या शनिवारी ही रक्कम भरपूर होई, आणि वाईट शनिवारी काहीच नसे. शिवाय त्याच शनिवारची चर्चा पुढचा आठवडाभर गिरणीत चाले. प्रो शून्यावर बाद झाला, तर सोमवारी त्याला रस्त्यावर गाठून कारण विचारणारे गावकरी असत.

वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ते १९३७ अशी नऊ वर्षे नेल्सनचे प्रो होते. या काळात नेल्सनने सात वेळा लीग जिंकली. कॉन्स्टंटाइन यांची कमाई तेव्हाच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंहूनही जास्त होती. कृष्णवर्णीय माणूस क्वचितच दिसणाऱ्या त्या गावात ते कुटुंबासह राहिले आणि सन्मानाने राहिले. त्यांच्या यशाने वसाहतींतल्या खेळाडूंना लँकशायरचा दरवाजा उघडला.

बर्फावरची समांतर कथा

छोट्या उद्योगगावाने परक्या खेळाडूला रोख पैसे देऊन आणावे, ही रीत लँकशायरपुरती नव्हती. आइस हॉकीचा उघड व्यवसाय नेमका अशाच गावांत सुरू झाला. कॅनडात हा खेळ सर्वांत लोकप्रिय होता, पण तिथल्या संघटना हौशी खेळाच्या नियमाला चिकटून होत्या. पैसे घेणाऱ्याला बंदी होती. सीमेपलीकडे अमेरिकेच्या मिशिगन राज्यात तांब्याच्या खाणींचा पट्टा होता. तिथल्या हॉटन गावात कॅनडाहून आलेले दंतवैद्य जॅक गिब्सन यांनी पोर्टेज लेक्स हा संघ उभा केला. १९०४ मध्ये ‘इंटरनॅशनल प्रोफेशनल हॉकी लीग’ सुरू झाली. तीत हॉटन, कॅल्युमेट, पिट्सबर्ग आणि सू सेंट मेरी नावाची सीमेच्या दोन अंगांची दोन गावे, असे पाच संघ होते. उघडपणे पगार देणारी ही पहिली हॉकी लीग.

ऑन्टॅरिओच्या फ्रेड टेलर यांना संघटनेने एका हंगामासाठी खेळण्यापासून रोखले, कारण टोरांटोच्या ज्या संघाकडून त्यांना बोलावणे आले होते त्याला त्यांनी नकार दिला. तेव्हा ते मॅनिटोबामार्गे हॉटनला गेले आणि १९०६ मध्ये पोर्टेज लेक्सकडून पगारावर खेळले. ही लीग १९०७ मध्ये बंद पडली, पण तोवर कॅनडातल्या संघांनाही पैसे द्यावे लागू लागले होते. ‘सायक्लोन’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या टेलर यांना १९०९-१० च्या हंगामात रेनफ्रू या लहानशा गावाने बारा सामन्यांसाठी ५,२५० डॉलर दिले. घरची संघटना खेळाडूकडून निष्ठेची अपेक्षा करते आणि बाहेरचे गाव त्याच्या कौशल्याचा भाव करते, हा पेच बर्फावर आणि हिरवळीवर सारखाच होता.

गुप्ते यांच्या आधीचे

लँकशायरला गेलेल्या पहिल्या भारतीयांत जामनगरचे अमरसिंग ठळक. तिशीच्या दशकात ते कोल्नचे प्रो होते. १९३६ मध्ये भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर आला, तेव्हा क्लबाने मोकळीक दिल्यावर ते कसोटी खेळले आणि लॉर्ड्सवर ३५ धावांत ६ बळी घेतले. लाला अमरनाथ १९३८ आणि १९३९ मध्ये नेल्सनकडून खेळले. युद्धानंतर ही ये-जा वाढली. हजारे रॉटनस्टॉलचे प्रो झाले, विनू मंकड हॅसलिंगडनचे, पॉली उम्रीगर चर्चचे. कोल्हापुरात जन्मलेले दत्तू फडकर यांनीही लँकशायरमध्ये लीग क्रिकेट खेळून कमाई केली.

लीगचा करार आणि देशाची निवड यांतला संघर्ष १९५२ मध्ये उघड झाला. इंग्लंड दौऱ्यासाठी आपली निवड नक्की आहे का, असे मंकड यांनी भारतीय क्रिकेट मंडळाला आधीच विचारले. नक्की असेल तर ते हॅसलिंगडनचा हंगाम सोडणार होते. मंडळाने हमी दिली नाही, म्हणून त्यांनी करार केला आणि भारतीय संघ त्यांच्याविना इंग्लंडला आला. कर्णधार होते हजारे. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात एकही धाव होण्याआधी भारताचे चार गडी बाद झाले. हजारे (५६) आणि फडकर (६४) यांनी शंभरावर धावांची भागी करून पडझड थांबवली, पण सामना गेला. मग मंडळाने हॅसलिंगडनकडे मंकड यांना मागून घेतले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि इंग्लंडच्या पहिल्या डावात ७३ षटके टाकून १९६ धावांत ५ बळी घेतले. इंग्लंडने सामना आठ गडी राखून जिंकला, तरी तो मंकड यांचा सामना म्हणून ओळखला जातो. हमी मागितली म्हणून ज्याला संघाबाहेर ठेवले, त्याच्यावाचून संघाचे चालेना हे पंधरा दिवसांत सिद्ध झाले होते.

गोलंदाज घडतो

गुप्ते त्या दौऱ्यावर नव्हते. डिसेंबर १९५१ च्या अखेरीस इंग्लंडविरुद्ध कलकत्त्यात त्यांनी कसोटी पदार्पण केले होते, पण तिथे त्यांचा प्रभाव पडला नाही. इंग्लंडला लेगस्पिनर म्हणून सदू शिंदे गेले. गुप्ते यांचा काळ सुरू झाला तो १९५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात. वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट या त्रयीसमोर, फलंदाजांना अनुकूल खेळपट्ट्यांवर त्यांनी पाच कसोटींत २७ बळी घेतले. पोर्ट ऑफ स्पेनच्या पहिल्या कसोटीत एका डावात ७ बळी होते. याच दौऱ्यात त्रिनिदादमध्ये त्यांची भावी पत्नीशी ओळख झाली.

अंगाने लहानखुऱ्या गुप्ते यांची लेगब्रेक हवेत लटकत येई आणि टप्पा पडल्यावर मोठा कोन करून बाहेर जाई. त्यांच्याकडे गुगली दोन तऱ्हेची होती, त्यामुळे हातावरून चेंडू ओळखणाऱ्या फलंदाजालाही दुसऱ्या तऱ्हेची वेगळी ओळख ठेवावी लागे. वेस्ट इंडीजचे लेगस्पिनर विल्फ फर्ग्युसन यांच्यावरून सहकाऱ्यांनी त्यांचे टोपणनाव ‘फर्गी’ ठेवले होते. गुप्ते यांना मोठे शल्य होते ते क्षेत्ररक्षणाचे. त्या काळच्या भारतीय संघात जवळचे झेल घेणारे हात थोडे होते, आणि फलंदाजाला चकवून मिळवलेली संधी अनेकदा जमिनीवर पडे.

रिश्टन

ब्लॅकबर्न आणि ॲक्रिंग्टन यांच्या मधले, कालव्याकाठचे रिश्टन हे लीगमधल्या लहान गावांपैकी एक. गुप्ते १९५४ पासून या क्लबाचे प्रो होते. त्यांच्यानंतर अनेक वर्षांनी मायकेल होल्डिंग आणि विव्ह रिचर्ड्स यांच्यासारखे खेळाडूही याच क्लबाकडून खेळले. छोट्या गावाने जगातला मोठा खेळाडू आणण्याची परंपरा तिथे टिकली.

लेगस्पिनरसाठी लँकशायरची नोकरी सोपी नव्हती. एप्रिल-मे महिन्यांत हात गारठलेले असतात, आणि बोटांनी व मनगटाने चेंडू फिरवणाऱ्याला गारठा सर्वांत आधी बाधतो. पावसाने चेंडू ओला होऊन हातातून निसटतो. मुंबईच्या खेळाडूला ओली खेळपट्टी सर्वस्वी नवीन नसते. १९४८ पासून कांगा लीग भर पावसाळ्यात खेळली जाते. पण मुंबईचा पाऊस उबदार असतो. दुसरी अडचण खेळाच्या स्वरूपाची होती. कसोटीत लेगस्पिनर फलंदाजाला दोन तास जाळ्यात ओढू शकतो, तर एका दुपारच्या सामन्यात गावचा लोहार पहिल्याच चेंडूवर बॅट फिरवतो. त्यामुळे धावा रोखणे आणि गडी बाद करणे ही दोन्ही कामे एकदम करावी लागत. यष्टीमागे आणि स्लिपमध्ये उभे असणारे हौशी खेळाडू, तेव्हा गुगली आपल्याच यष्टीरक्षकाला आधी शिकवावी लागे.

या नोकरीने गुप्ते यांचे वर्ष दोन भागांत वाटले गेले. १९५४-५५ च्या हिवाळ्यात पाकिस्तान दौऱ्यावरच्या पाच कसोटी झाल्या. पाचही अनिर्णित राहिल्या आणि त्यांत गुप्ते यांनी २१ बळी घेतले. त्याच मोसमात ब्रेबॉर्न स्टेडियमवर पाकिस्तान सर्व्हिसेस आणि बहावलपूर यांच्या संयुक्त संघाविरुद्ध मुंबईकडून ७८ धावांत डावातले दहाही बळी त्यांनी एकट्याने मिळवले. प्रथम श्रेणी सामन्यात अशी कामगिरी करणारे ते पहिले भारतीय. उन्हाळ्यात लँकशायर. मग १९५५-५६ च्या हिवाळ्यात न्यूझीलंडचा संघ भारतात आला आणि पाच कसोटींत गुप्ते यांना ३४ बळी मिळाले. पंचविशीतला गोलंदाज बारमाही गोलंदाजी करत होता, आणि त्याचे सर्वोत्तम कसोटी मोसम याच वर्षांतले आहेत. लीगच्या कामाने खेळाडू झिजतो असा आक्षेप तेव्हा घेतला जाई; गुप्ते यांचे आकडे त्याला दुजोरा देत नाहीत.

कानपूर ते दिल्ली

डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरच्या ग्रीन पार्कवर वेस्ट इंडीजच्या पहिल्या डावात गुप्ते यांनी १०२ धावांत ९ बळी घेतले. कसोटीच्या एका डावात नऊ बळी घेणारे ते पहिले भारतीय. दहावा गडी लान्स गिब्ज यांना पुण्याच्या वसंत रांजणे यांनी त्रिफळाबाद केले. हा सामनाही भारत हरला. सोबर्स यांच्या १९८ धावांनी आणि वेस्ली हॉल यांच्या अकरा बळींनी तो वेस्ट इंडीजकडे नेला. गुप्ते यांना इतक्या जवळून खेळलेले सोबर्स पुढे नेहमी सांगत राहिले, की आपण पाहिलेल्या लेगस्पिनरांत गुप्ते सर्वश्रेष्ठ. शेन वॉर्न यांचा जमाना आल्यावरही त्यांनी मत बदलले नाही.

१९५९ मध्ये गुप्ते भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले. भारताने पाचही कसोटी गमावल्या. गुप्ते यांनी १७ बळी घेतले. १९६१-६२ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा कानपूरला त्यांनी पहिल्या डावात ९० धावांत ५ बळी घेतले आणि इंग्लंडवर भारताविरुद्ध प्रथमच फॉलोऑनची पाळी आली. पुढची कसोटी दिल्लीला होती, आणि ती गुप्ते यांची शेवटची ठरली.

कारण खेळाशी संबंधित नव्हते. दिल्लीच्या हॉटेलात गुप्ते आणि संघातले सहकारी कृपालसिंग एका खोलीत उतरले होते. कृपालसिंग यांनी हॉटेलच्या स्वागतिकेला दूरध्वनी करून बाहेर भेटण्याचे आमंत्रण दिले. तिने संघव्यवस्थापनाकडे तक्रार केली. मंडळाने दूरध्वनी करणाऱ्याबरोबर खोलीतल्या सोबत्यालाही निलंबित केले. सहकाऱ्याला अडवले का नाही, असा प्रश्न गुप्ते यांना विचारला गेला. त्याच्या वागण्याची जबाबदारी माझ्यावर कशी, असे गुप्ते यांचे म्हणणे होते. पुढच्या दोन कसोटी जिंकून भारताने इंग्लंडविरुद्धची मालिका पहिल्यांदा जिंकली; त्या विजयात गुप्ते नव्हते. १९६२ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठीही त्यांना घेतले नाही. तो दौरा भारत ०-५ असा हरला. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, म्हणजे लेगस्पिनर पिकतो त्या वयात, त्यांची कसोटी कारकीर्द संपली. कृपालसिंग यांना मात्र पुढे पुन्हा कसोटी खेळायला मिळाली.

लँकशायरच्या क्लबालाही प्रोशी नाते तोडता येई, पण ते हंगामाच्या अखेरीस, कराराच्या अटींप्रमाणे आणि पगार चुकता करून. राष्ट्रीय संघात खेळाडूच्या हाती कागद नव्हता. त्यामुळे शिक्षेला मुदत नव्हती, अपील नव्हते आणि नुकसानीचा हिशेब नव्हता.

त्रिनिदाद आणि नंतर

गुप्ते त्रिनिदादला स्थायिक झाले. तिथे त्यांनी साखर उद्योगात नोकरी केली. रणजी करंडकात ते मुंबईखेरीज बंगाल आणि राजस्थानकडूनही खेळले होते. एकूण प्रथम श्रेणी कारकिर्दीत त्यांचे ५३० बळी नोंदले गेले. धाकटे बंधू बाळू गुप्ते हेही लेगस्पिनर होते आणि त्यांनी भारताकडून तीन कसोटी खेळल्या.

पगारी खेळाडूचे स्थान पुढे हळूहळू बदलले. इंग्लंडच्या क्रिकेटने हौशी आणि व्यावसायिक हा भेद १९६२ च्या अखेरीस रद्द केला. परदेशी खेळाडूंना कौंटी संघांची दारे मोकळी झाल्यावर फरूख इंजिनियर लँकशायर कौंटीकडून आणि बिशनसिंग बेदी नॉर्दम्प्टनशायरकडून खेळले. सुनील गावसकर यांनी १९८० चा हंगाम सॉमरसेटकडून खेळला. १९९२ मध्ये यॉर्कशायरने परगण्याबाहेरच्यांना न घेण्याचा जुना रिवाज मोडला आणि पहिला परदेशी खेळाडू म्हणून एकोणीस वर्षांच्या सचिन तेंडुलकर यांना बोलावले.

मायदेशी मंडळ आणि खेळाडू यांतले नाते याहून सावकाश बदलले. १९८९ मध्ये अमेरिकेत प्रदर्शनीय सामने खेळल्याबद्दल कर्णधार दिलीप वेंगसरकर यांच्यासह सहा खेळाडूंवर वर्षभराची बंदी घालण्यात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर ती उठली. राष्ट्रीय खेळाडूंना वार्षिक करार मिळू लागले ते २००४ च्या सुमारास. मंकड यांनी १९५२ मध्ये मागितलेली हमी कागदावर यायला अर्धशतक लागले. २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली आणि प्रवासाची दिशाच उलटली: ऑस्ट्रेलिया, इंग्लंड आणि वेस्ट इंडीजचे खेळाडू हंगामी करारावर भारतातल्या शहरांसाठी खेळू लागले. परदेशी खेळाडूंची ठरावीक संख्या, उरलेली जागा स्थानिकांना, आणि काही तासांत निकाल लावणारा सामना, ही तिची चौकट लँकशायरच्या गिरणीगावांनी शतकभर आधी वापरून पाहिलेली होती.